पत्त्याला चिकटलेला आकडा

तीन वर्षांपूर्वी मी कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपच्या टीममध्ये काम करत होतो. कंपनी कुठली हे इथे महत्त्वाचं नाही, अशा बऱ्याच आहेत. माझ्या समोरच्या टेबलात अर्जदाराचं वय, पगार, जुने हप्ते असे रकाने होते आणि शेवटून तिसरा रकाना होता 'एरिया स्कोअर'. पिनकोड टाकला की शून्य ते शंभरमधला एक आकडा यायचा. आकडा मोठा असेल तर व्याज जास्त, फारच मोठा असेल तर अर्ज नामंजूर. एका दुपारी टेस्टिंग करताना मी सहज घरचा पिनकोड टाकला. आम्ही गोवंडीला राहतो. आकडा बघून शेजारचा मित्र म्हणाला, "तुला आपलंच अ‍ॅप लोन देणार नाही रे." आम्ही हसलो आणि चहाला गेलो.

रात्री जेवताना आईला ही गंमत सांगितली. आई गेली वीसेक वर्षं पालिकेच्या हेल्थ पोस्टवर आरोग्यसेविका आहे. वस्तीत दारोदार फिरायचं, कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुठल्या बाळाची लस राहिली, टीबीच्या गोळ्या कोणी मधेच सोडल्या, हे वहीत लिहायचं, हे तिचं काम. ती हसली नाही. तिने विचारलं, "पण तो आकडा काढतात कसा?"

मला सांगता आलं नाही. तो रकाना आम्ही बाहेरून विकत घेतला होता. माझं काम फक्त तो वापरण्याचं.

आईच्या त्या प्रश्नामागे लागून मी वाचत गेलो. वस्तीला आकडा द्यायची कल्पना कर्जवाल्यांनी काढली असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती दोनशे वर्षं जुनी निघाली आणि तिची सुरुवात वेगळ्याच प्रश्नातून झालेली होती: एकाच शहरात काही भागातली माणसं लवकर का मरतात?

*

लुई-रने व्हिलेर्मे हा नेपोलियनच्या सैन्यातला शस्त्रवैद्य. युद्धं संपल्यावर तो पॅरिसला आला आणि आकड्यांच्या नादी लागला. तेव्हा पॅरिसचे १२ विभाग होते आणि प्रत्येक विभागातल्या मृत्यूंची नोंद सरकारने नुकतीच छापायला घेतली होती. काही विभागांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसत होतं. का, याची उत्तरं तेव्हाच्या वैद्यकशास्त्राकडे तयार होती: सेन नदीची दमट हवा, सखल जमीन, वाऱ्याची दिशा, पिण्याचं पाणी, माणसांची गर्दी.

व्हिलेर्मेने ही कारणं एकेक करून तपासली. एखादा बग सापडत नसला की आम्ही जसं एकेक मॉड्यूल बंद करून बघतो, तसंच. नदीपासूनचं अंतर घेतलं, मृत्यूंशी मेळ बसेना. उंची, वारा, पाणी घेतलं, बसेना. गर्दीचाही धड बसेना. मग त्याने एक विचित्र वाटावा असा आकडा घेतला: विभागातल्या किती घरांचं भाडं इतकं कमी आहे की त्यावर करच लागत नाही? हा आकडा करखात्याने वसुलीसाठी जमवला होता, आरोग्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण विभाग त्या क्रमाने लावल्यावर मृत्यूंचा क्रमही जवळपास तसाच लागला. करमुक्त गरीब घरं जिथे जास्त, तिथे मरण जास्त. हा अभ्यास १८२६ सालचा.

माझ्या माहितीप्रमाणे वस्तीचा गरीबपणा मोजून तो मृत्यूशेजारी ठेवण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न. त्यात एक युक्ती आहे आणि ती आजही चालते: जे मोजायचं आहे ते थेट मोजता येत नसेल, तर दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी आधीच मोजून ठेवलेलं काहीतरी शोधायचं.

पण व्हिलेर्मे स्वतःच्या निष्कर्षापुढे थबकला. सरकारने बाजारात फार हात घालू नये असं मानणाऱ्यांपैकी तो होता. गरिबी मारते हे दाखवून झाल्यावर उपाय म्हणून त्याने गरिबांच्या वळणावर, दारूवर, शिस्तीवर बोट ठेवलं. पुढे गिरण्यांमधल्या लहान मुलांचे हाल बघून त्याने १८४० साली जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आधाराने फ्रान्समध्ये १८४१ साली बालमजुरीवर मर्यादा घालणारा कायदा झाला, हेही खरं.

*

इंग्लंडमध्ये एडविन चॅडविकने १८४२ साली श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल काढला. त्यातला एक तक्ता पुढे फार गाजला. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय: मँचेस्टरमध्ये प्रतिष्ठित वर्गाचं ३८ वर्षं, व्यापाऱ्यांचं २०, मजुरांचं १७. रटलंड या ग्रामीण भागात तेच आकडे ५२, ४१ आणि ३८. म्हणजे खेड्यातला मजूर आणि मँचेस्टरचा साहेब एकाच वयात जात होते.

तक्ता अंगावर येतो, पण त्यात एक मोठी खोट आहे. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. जिथे तरुण जोडपी जास्त, मुलं जास्त जन्मतात, तिथे मरणाऱ्यांतही मुलं जास्त असतात आणि सरासरी खाली येते. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या माणसांचं सरासरी वय कमी भरतं म्हणून शाळेत माणसं लवकर म्हातारी होतात असं कोणी म्हणत नाही. नीसन नावाच्या विमागणित्याने १८४४ सालीच चॅडविकची ही चूक दाखवून दिली होती. फरक खरा होता, पण तक्ता दाखवतो तितका मोठा नव्हता.

दुसरी गोष्ट चॅडविकने मोजलीच नाही. तो गरीब कायदा राबवणाऱ्या मंडळाचा सचिव होता. मजुरी किती, पोट भरतं का, हे प्रश्न त्याच्या स्वतःच्या खात्यावर उलटले असते. म्हणून त्याच्या मांडणीत घाणीमुळे रोग होतो आणि रोगामुळे गरिबी येते. उलटा बाण त्याने काढला नाही. या मांडणीतून गटारं आली, १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला, आणि त्याने असंख्य जीव वाचले. मजुरीचा प्रश्न मात्र बाहेरच राहिला.

पुढे चार्ल्स बूथ नावाच्या जहाज कंपनीच्या मालकाने १८८६ पासून सतरा वर्षं लंडनची गरिबी मोजली. त्याच्या नकाशात प्रत्येक रस्त्याला रंग आहे: श्रीमंतांना पिवळा, खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांना गुलाबी, गरिबांना निळ्याच्या छटा. माहिती आली शाळा मंडळाच्या तपासनिसांकडून. कोणाची मुलं शाळेत येत नाहीत हे बघायला ही माणसं दारोदार फिरत, त्यांना गल्लीतलं प्रत्येक घर माहीत असे. हे वाचताना मला आईची वही आठवली.

बूथच्या हिशेबाने ३०.७ टक्के लंडन गरिबीत होतं. त्या आकड्याने खळबळ उडाली आणि वृद्धांना पेन्शन मिळावी म्हणून बूथ पुढे अनेक वर्षं भांडला. पण त्याच्या नकाशातल्या काळ्या रंगाची सूची वाचा. निळ्या रंगाचा अर्थ आहे 'गरीब'. काळ्याचा अर्थ आहे सर्वांत खालचा वर्ग, दुर्गुणी, अर्धवट गुन्हेगार. एकाच पट्टीवर सरकत सरकत मोजमाप उत्पन्नावरून चारित्र्यावर गेलं. घरात काय नाही हे मोजता मोजता माणसं कशी आहेत हे ठरवलं गेलं, आणि दोन्ही एकाच नकाशात, एकाच अधिकाराने छापलं गेलं.

*

मुंबईत हे मोजमाप प्लेगबरोबर आलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. मग घराघरांत झडत्या झाल्या, घरांवर खुणा रंगवल्या गेल्या, माणसं इस्पितळात आणि छावण्यांत नेली गेली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अस्वच्छ ठरवलेल्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा आत आणायची, नव्या चाळी बांधायच्या. पण उठवलेल्यांपैकी अनेकांना नव्या खोलीचं भाडं परवडेना. ते शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरले. वस्ती 'आरोग्याला घातक' ठरली, एवढ्याने त्यातल्या माणसांचं आरोग्य सुधारलं नाही. ती फक्त तिथून हलली.

पुढे पालिकेच्या आरोग्य खात्याने बालमृत्यू खोल्यांनुसार मांडायला सुरुवात केली. १९२१ सालचा तक्ता असा: एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे ८०० हून जास्त बालमृत्यू, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दीडशेहून कमी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हात थांबवला. हजारात आठशे?

मग छेद बघितला. गिरणीतल्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर गावी जात. बाळ जन्मायचं गावी, जन्माची नोंद गावी. दोन-चार महिन्यांनी आई बाळाला घेऊन गिरणगावात परत यायची आणि बाळ गेलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. अंश मुंबईचा, छेद रत्नागिरीचा. त्यामुळे एका खोलीचा आकडा फुगलेला होता. पण फुगवटा काढला तरी एक खोली आणि चार खोल्या यांतली दरी बुजत नाही. चॅडविकच्या तक्त्यासारखंच: चूक होती आणि मुद्दाही होता. माझ्या धंद्यात डेटा घाणेरडा आहे म्हणून फेकून द्यायची सवय असते. इथे फेकून दिला असता तर ती बाळंही फेकली गेली असती.

*

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली. सर्वांना मोफत डॉक्टर मिळाला, आता दरी बुजेल असं लोकांना वाटलं. ती बुजली नाही. वेल्समधल्या एका खाणगावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्टने १९७१ साली एका छोट्या लेखात याचा नियम मांडला: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराला जितकी मोकळीक तितका हा नियम पक्का.

१९७७ साली सरकारने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड तिचा सदस्य होता. अहवाल येईपर्यंत सरकार बदललं, मार्गारेट थॅचर आल्या. १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या सोमवारी, या अहवालाच्या फक्त २६० प्रती सायक्लोस्टाइल करून काढल्या गेल्या, आणि शिफारशींचा खर्च परवडणार नाही असं मंत्र्याने प्रस्तावनेतच लिहून टाकलं. दोन वर्षांनी पेंग्विनने तो पुस्तकरूपात काढला, तेव्हा तो घराघरांत पोहोचला.

याच दशकात दोन माणसांनी वस्तीच्या वंचिततेसाठी दोन पट्ट्या केल्या. त्यांच्यातला फरक समजला तेव्हा मला आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

पहिली ब्रायन जारमन या लंडनच्या डॉक्टरची, १९८३ ची. त्याने इतर डॉक्टरांना विचारलं की कशामुळे तुमचं काम वाढतं? त्यांच्या उत्तरांना वजनं देऊन आठ निकष ठरले. त्यात बेकारी आणि दाटीवाटी होती, तसेच एकटे राहणारे वृद्ध, पाच वर्षांखालची मुलं, एकल पालक आणि परदेशातून आलेल्या वांशिक अल्पसंख्याकांची घरंही होती.

दुसरी टाउनसेंडची, १९८८ ची. इंग्लंडच्या उत्तरेतल्या ६७८ वॉर्डांसाठी त्याने चारच निकष घेतले: बेकारी, घरात मोटार नसणं, घर स्वतःच्या मालकीचं नसणं, आणि खोलीमागे एकाहून जास्त माणसं. तिथली जनगणना उत्पन्न विचारत नाही, म्हणून मोटार. व्हिलेर्मेचीच युक्ती. गणितही साधं आहे: प्रत्येक निकष सरासरीपासून किती दूर हे काढायचं, फार कललेल्या दोन निकषांचा आधी लॉग घ्यायचा, मग चारही मिळवायचे. मी दहा ओळींत लिहून बघितलं.

जारमनच्या पट्टीवर टाउनसेंडचा आक्षेप असा की म्हातारं असणं, एकटीने मूल वाढवणं, परदेशातून आलेलं असणं म्हणजे वंचितता नव्हे. या माणसांच्या वाट्याला वंचितता जास्त येते, हे खरं. पण ती किती येते हेच तर शोधायचं आहे. माणसांनाच निकष केलं तर उत्तर प्रश्नातच घातल्यासारखं होतं. आपल्याकडे हे कळायला उदाहरण लागू नये. एखाद्या वस्तीत कोण राहतं, त्यांची आडनावं काय, धर्म काय, हे कळलं की तिथे काय असणार हे पुष्कळांनी मनात आधीच ठरवलेलं असतं. नळाला पाणी येतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारावा लागतो.

पण इतिहास इथेही सरळ चालत नाही. पट्टी म्हणून टाउनसेंडची स्वच्छ होती, पैसा मात्र जारमनच्या पट्टीला जोडला गेला. १९९० पासून जारमनच्या हिशेबाने वंचित ठरलेल्या भागातले रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरांना दर रुग्णामागे जादा मोबदला मिळू लागला. लंडनला झुकतं माप मिळतं अशी तक्रार झाली, तरी सदोष आकड्याने पैसा गरीब भागाकडे वळवला. निर्दोष आकडा नुसता छापून राहिला असता तर तेवढंही झालं नसतं.

आज इंग्लंडमध्ये सुमारे पंधराशे लोकवस्तीच्या छोट्या छोट्या तुकड्यांना क्रमांक आहेत. २०१९ च्या यादीत असे ३२,८४४ तुकडे होते. यादी सरकार छापतं, कोणीही उघडून आपल्या गल्लीचा क्रमांक बघू शकतं, आणि चुकीचा वाटला तर भांडू शकतं.

*

मुंबईच्या पालिकेने २००९ साली शहराचा मानवी विकास अहवाल काढला. एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे आमचं गोवंडी, मानखुर्द, देवनार, सर्वांत खाली होता: निर्देशांक ०.०५. त्याच सुमारास आमच्या वॉर्डाचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय ३९ असल्याचा आकडाही फिरू लागला, आणि बातम्यांत तो 'आयुर्मान ३९ वर्षे' असा छापून येऊ लागला. चॅडविकचीच चूक, पावणेदोनशे वर्षांनी.

आता छेदाकडे बघा. एम-पूर्वमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ लाखांवर माणसं होती. त्यात देवनार डम्पिंग ग्राउंडला खेटून असलेलं शिवाजीनगर आहे, आणि झाडी, शाळा, इस्पितळ असलेली शास्त्रज्ञांची अणुशक्तीनगर वसाहतही आहे. दोन्हींना एकच आकडा. इंग्लंडने जिथे पाचशेहून जास्त तुकडे केले असते, तिथे आपला एकच वॉर्ड आहे. सरासरीत वसाहतीचं काही बिघडत नाही, डम्पिंगजवळची गल्ली मात्र दिसेनाशी होते.

छोट्या तुकड्यांत बघितलं की काय दिसतं, हे जुलै २०२० मध्ये कळलं. तीन वॉर्डांत कोविडच्या अँटिबॉडींची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के. वॉर्ड तेच, अंतर कधी कधी एका रस्त्याचं.

आणि काही वस्त्या तर रकान्यातच नसतात. पूर्व किनाऱ्यावरच्या कौलाबंदरचा अभ्यास पुकार या संस्थेच्या तरुण संशोधकांनी केला. वस्ती अधिसूचित नाही, म्हणून पालिकेचं पाणी नाही, म्हणून लोक पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून होजपाइपने पाणी विकत घेत. कुठल्या सालापर्यंतच्या झोपडीला पाणी द्यायचं हा वाद शेवटी उच्च न्यायालयात गेला आणि २०१४ साली न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही. डेटाबेसमध्ये शून्य आणि रिकामा रकाना यांत फरक असतो हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. कौलाबंदरला शून्यसुद्धा मिळालेला नव्हता.

*

आईच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९५० च्या लेखात मिळालं. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेली माणसं जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. पण व्यक्ती बघितल्या तर परदेशात जन्मलेले कमी साक्षर होते. कारण ते मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. भागाचा आकडा भागाबद्दल सांगतो, त्यातल्या एका माणसाबद्दल नाही.

म्हणजे आमचा 'एरिया स्कोअर' दोन्हीकडून चुकलेला होता. तो माणसाचा न्याय पत्त्यावरून करत होता. आणि ज्या आकड्याने डॉक्टर कुठे पाठवायचा, दवाखाना कुठे उघडायचा, पाणी कुठे वाढवायचं हे ठरायला हवं, तोच आकडा तिथल्या रिक्षावाल्याचं कर्ज महाग करायला वापरला जात होता. मी तो रकाना काढावा असं लेखी सुचवलं. त्याने मॉडेलची अचूकता वाढते, असं उत्तर आलं. ते खोटं नव्हतं. वर्षभराने मी ती नोकरी सोडली, पण सोडण्याची कारणं आणखीही होती, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेत नाही.

मागच्या महिन्यात मी आईला टाउनसेंडचे चार निकष समजावून सांगितले. तिने मोटार लगेच उडवली. "आपल्याकडे गाडी कोणाकडे असते? सगळेच नापास." घराची मालकीही उडवली: झोपडी स्वतःची असते, जमीन कोणाची ते कोर्टाला विचारा. दाटीवाटी ठेवली, पण म्हणाली, नुसती माणसं मोजू नकोस, पोटमाळा मोज आणि पाळी मोज. रात्रपाळीवाला सकाळी येऊन झोपतो त्या जागेवर रात्री दुसरा झोपलेला असतो. त्या घरात टीबी निघाला की तिला आधीच कळतं की आणखी दोघांची थुंकी तपासायला न्यावी लागेल.

मग चष्मा लावून तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचे निकष लिहून दिले. पाणी किती वाजता येतं आणि एका नळावर किती घरं. संडासाला किती जणांची रांग आणि रात्री बाई एकटी जाऊ शकते का. गल्लीत रिक्षा शिरते का, की बाळंतिणीला उचलून नाक्यापर्यंत न्यावं लागतं. घरात चूल आहे की गॅस, आणि सिलिंडर संपला की परत कधी येतो.

"हे सगळं वहीत असतं?" मी विचारलं.

"सगळं नसतं. वहीत याला रकाने नाहीत," ती म्हणाली. "आम्हाला माहीत असतं."

ते पान माझ्याकडे आहे. तिच्या हद्दीतल्या साधारण हजार घरांपासून सुरुवात करायची ठरवलं आहे. घरांची नावं नाहीत, आडनावं नाहीत, फक्त गल्ली आणि तिने लिहिलेले चार प्रश्न. येत्या रविवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मला गल्ल्या सांगणार आहेत.